ग्राफिंग कॅल्क्युलेटरसाठी नवीन सॉफ्टवेअर: काय बनवता येईल आणि काय बनवू नये

फोनमध्ये कॅल्क्युलेटर ॲप सगळ्यांकडेच असतं. इंजिनिअरिंगला असाल तर बॅगेत कॅसिओचा एफएक्स-९९१ सुद्धा असेल. आज आपण या दोघांच्या थोरल्या भावाबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही, पण अमेरिका आणि फ्रान्समधल्या शाळकरी पोरांच्या दप्तरात तो हमखास असतो. त्याचं नाव प्रोग्रामेबल ग्राफिंग कॅल्क्युलेटर.

नावावरून वाटतं की हा फक्त आलेख काढत असेल. खरं तर हा एक छोटा पण पूर्ण कॉम्प्युटर आहे. प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन, कीबोर्ड आणि प्रोग्राम लिहायची सोय, सगळं एकाच डब्यात. कॅसिओने १९८५ मध्ये एफएक्स-७०००जी आणला, तो पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर. मग १९९० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ आला आणि अमेरिकन शाळांमध्ये या कंपनीचं राज्य सुरू झालं. २००४ चा टीआय-८४ प्लस आणि २०१५ चा रंगीत टीआय-८४ प्लस सीई हे आज तिथे सर्वांत ओळखीचे. फ्रान्समध्ये २०१७ पासून नमवर्क्स नावाचा नवा खेळाडू आहे, त्यात थेट पायथन चालतं.

आपल्याकडे हे का रुजलं नाही? कारण परीक्षा. बोर्डाच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, विद्यापीठाच्या पेपरला 'नॉन-प्रोग्रामेबल' असाच लागतो, आणि गेटमध्ये तर कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच मिळतो. अमेरिकेत उलट. तिथे ही वस्तू परीक्षेला न्यायला परवानगी आहे म्हणूनच ती खपते. पण आता तिथेही वारं फिरलंय. सॅट परीक्षा डिजिटल झाली आणि तिच्यात डेसमॉस नावाचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आतच बसवलेला आला. म्हणजे दीडशे डॉलरच्या आसपासचा डबा विकत घ्यायचं सगळ्यांत मोठं कारण कमी झालं. मग एवढे सगळे चालू स्थितीतले छोटे कॉम्प्युटर ड्रॉवरमध्ये पडून राहणार का? त्यांच्यासाठी नवीन काय लिहिता येईल, हा माझा आजचा विषय.

आधी मर्यादा बघू

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत शाळा शिकला. दोन वर्षांपूर्वी पुण्याला आला तेव्हा त्याचा जुना टीआय-८४ प्लस माझ्या टेबलावर ठेवून गेला. "दादा, तुला असले डबे आवडतात ना, घे!" आवडतातच. पुढचे आकडे त्याच मॉडेलचे आहेत.

प्रोसेसर झायलॉग झेड-८०, वेग १५ मेगाहर्ट्झ. ही चिप १९७६ ची. वापरायला मिळणारी रॅम २४ किलोबाइट आणि साठवायला फ्लॅश मेमरी ४८० किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सॲपवरचा एखादा गुड मॉर्निंगचा फोटोही त्या रॅममध्ये बसणार नाही. स्क्रीन ९६ बाय ६४ ठिपक्यांची, म्हणजे एकूण ६,१४४ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा किंवा कोरा, म्हणजे एक बिट. अख्खी स्क्रीन ७६८ बाइटमध्ये मावते. १०८० बाय २४०० च्या फोनमध्ये याच्या चारशे वीस पट ठिपके असतात. इंटरनेट नाही, टच नाही, स्पीकर नाही. पण बटण दाबलं की मशीन लगेच चालू होतं, चार पेन्सिल सेलवर महिनोन्महिने चालतं आणि मधेच कुठलंही नोटिफिकेशन येत नाही.

आता 'कॅल्क्युलेटरसाठी आयडिया' म्हणून लोक काय सुचवतात? ब्राउझर, म्युझिक प्लेयर, चॅटिंग. मला हे सगळं चुकीच्या दिशेचं वाटतं. फोन जे दहापट चांगलं करतो ते इथे रडतखडत करून काय मिळणार? गेम्सचा कोटा तर कधीच भरलाय. टेट्रिस, स्नेक, मारिओसारखे गेम यावर वर्षानुवर्षं आहेत, आणि टीआय-एनस्पायर या मोठ्या भावावर तर लोकांनी 'डूम'सुद्धा चालवून दाखवलाय. वर्गसमीकरण सोडवणारे प्रोग्राम शेकड्यांनी मिळतील. माझी कसोटी साधी आहे: या मशीनची जी खासियत आहे तिचा उपयोग होतोय का?

८०८५ चं किट खिशात

माझी सगळ्यांत आवडती आयडिया ही, आणि ती आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांसाठीच आहे.

मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ८०८५ चं किट वापरलं असेल. हेक्स कीपॅड, लाल आकडे आणि दरवाजा लोटला तरी उडणारा प्रोग्राम. आमच्या कॉलेजात एका किटवर चौघे असायचे. एक जण बटणं दाबणार, बाकीचे तिघे बघणार. सेमिस्टर संपेपर्यंत काही जणांनी त्या कीपॅडला हातसुद्धा लावलेला नसायचा.

आता गंमत बघा. झेड-८० ही चिप फेडेरिको फॅगिन यांनी इंटेल सोडल्यावर बनवली आणि मुद्दाम अशी बनवली की इंटेल ८०८० चे प्रोग्राम तिच्यावर चालावेत. आपलं ८०८५ हेही ८०८० चंच वंशज. त्यामुळे दोघांचा मशीन कोड जवळपास सारखा आहे. नावं फक्त वेगळी. ८०८५ मध्ये आपण 'एमव्हीआय ए' म्हणतो, झेड-८० वाले त्यालाच 'एलडी ए' म्हणतात, पण बाइट तोच: ३ई. पाच आणि तीनची बेरीज करणारा हा प्रोग्राम बघा:

३ई ०५
०६ ०३
८०
७६

पहिल्या ओळीत ए रजिस्टरमध्ये ५, दुसरीत बी मध्ये ३, मग बेरीज, मग थांबा. लॅबच्या किटवर याचा जो अर्थ, तोच मावसभावाच्या कॅल्क्युलेटरमधल्या चिपला कळतो.

मग थेट चालवायचं का? नको. दोन-तीन ठिकाणी फरक आहे. २० आणि ३० हे दोन कोड ८०८५ मध्ये इंटरप्टसाठी आहेत, झेड-८० मध्ये त्यांचा अर्थ 'उडी मार' असा होतो. बेरजेनंतर पॅरिटी फ्लॅगही दोघांत वेगळं सांगतो. शिवाय चुकीचा कोड थेट चालवला तर कॅल्क्युलेटर 'रॅम क्लिअर्ड' असं म्हणून सगळं पुसून मोकळा होतो. म्हणून सिम्युलेटर लिहायचा: एक बाइट वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, रजिस्टर बदलायचे आणि स्क्रीनवर दाखवायचं. एका बटणाला एक सूचना. प्रत्येक बटणाला ए, बी, सी, एचएल आणि फ्लॅग डोळ्यांसमोर बदलताना दिसले की जे लॅबमध्ये पाठ करावं लागलं ते आपोआप समजतं.

८०८५ च्या २४६ सूचना बघून घाबरू नका. ४० ते ७एफ हा जवळजवळ सगळा पट्टा एका रजिस्टरमधून दुसऱ्यात हलवण्याचा आहे (मधला ७६ तेवढा थांबण्याचा), आणि ८० ते बीएफ हा बेरीज-वजाबाकी-तुलनेचा. कोडमधले तीन बिट सांगतात कुठलं रजिस्टर. म्हणजे निम्मं काम दोन सूत्रांत होतं. कॅल्क्युलेटरच्या स्वतःच्या बेसिक भाषेत लिहिलं तर मेमरी म्हणून एक लिस्ट घ्यायची. प्रत्येक आकड्याला तिथे ९ बाइट लागतात, त्यामुळे २५६ बाइटचं नकली किट २,३०४ बाइट खाईल. २४ किलोबाइटमध्ये आरामात बसतं. वेग कमी असेल, पण एकेक पायरी बघत शिकायचं असेल तर कुठे घाई आहे?

त्या ९ बाइटचं रहस्य

एका आकड्याला ९ बाइट का? कारण हे कॅल्क्युलेटर आकडे आपल्यासारखे दशमान पद्धतीत साठवतात, १४ अंकांपर्यंत. फोन आणि लॅपटॉप सहसा द्विमान पद्धतीत साठवतात. फोनवर पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ + ०.२ करून बघा, उत्तर ०.३००००००००००००००००४ असं काहीतरी येतं. टीआय-८४ वर नेमकं ०.३ येतं. पैशांच्या हिशेबाला हे सोयीचं, आणि त्यातूनच पुढची आयडिया.

फोन ईएमआयवर घेताना दुकानदार 'फ्लॅट' व्याजदर सांगतो. समजा ६०,००० चा फोन, १२ टक्के फ्लॅट, एक वर्ष. व्याज ७,२००, एकूण ६७,२००, हप्ता ५,६००. बारा टक्के ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय आणि व्याज मात्र पूर्ण ६०,००० वर वर्षभराचं देताय. मग घटत्या मुद्दलावर खरा दर किती?

याचं सरळ सूत्र नाही, अंदाज करत जावं लागतं. महिन्याचा दर ० ते ५ टक्क्यांमध्ये आहे असं धरा. मधला २.५ घ्या, हप्ता येतो ५,८४९. जास्त झाला, म्हणजे दर कमी असणार. आता ० आणि २.५ च्या मधला १.२५: हप्ता ५,४१५, कमी पडला. मग १.८७५: ५,६३०, थोडा जास्त. प्रत्येक वेळी शोधायची जागा अर्धी होते, त्यामुळे वीस फेऱ्यांत उत्तर दशांश चिन्हानंतर पुष्कळ अंकांपर्यंत पक्कं. ते येतं महिन्याला साधारण १.७८८, म्हणजे वर्षाला जवळजवळ २१.५ टक्के. त्यात ५०० रुपये प्रोसेसिंग फी आधीच कापली असेल तर आकडा २३ च्या थोडा वर जातो.

टीआय-८४ मध्ये कर्जाची गणितं करणारा भाग आधीच आहे, हे खरं. पण तो मुद्दल, दर, मुदत असे रकाने विचारतो. दुकानात उभं असताना आपल्याला 'दुकानदार काय म्हणाला' एवढंच माहीत असतं: किंमत, हप्ता, किती महिने, फी. तेवढंच विचारून खरा दर सांगणारा प्रोग्राम पंधरा-वीस ओळींचा आहे. लूप, अट आणि इनपुट हे तिन्ही एकाच वेळी शिकायचे असतील तर यापेक्षा चांगला पहिला प्रोग्राम मला माहीत नाही.

तिथी काढणारा प्रोग्राम

तिथी म्हणजे काय? चंद्र आणि सूर्य यांच्यातलं कोनीय अंतर, १२ अंशांची एक तिथी. ३६० अंशांत ३० तिथ्या. बस्स. आणि दोघांतलं अंतरच घ्यायचं असल्यामुळे अयनांशाच्या वादात पडायची गरज नाही, तो वजाबाकीत उडून जातो.

दिवस मोजायचे १ जानेवारी २००० च्या संध्याकाळी ५:३० पासून (ही ग्रिनिचची दुपार, खगोलशास्त्रातली नेहमीची सुरुवात). त्या संख्येला 'दि' म्हणू.

सूर्याची मध्यम जागा = २८०.४६० + ०.९८५६४७४ × दि
सूर्याचं मंदकेंद्र = ३५७.५२८ + ०.९८५६००३ × दि
चंद्राची मध्यम जागा = २१८.३१६ + १३.१७६३९६ × दि
चंद्राचं मंदकेंद्र = १३४.९६३ + १३.०६४९९३ × दि

मंदकेंद्र म्हणजे कक्षेतल्या सगळ्यांत जवळच्या बिंदूपासून किती पुढे आलाय ते. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने वेग कमीजास्त होतो, म्हणून दुरुस्ती: सूर्यात १.९१५ गुणिले मंदकेंद्राचा साइन (आणि ०.०२० गुणिले दुप्पट मंदकेंद्राचा साइन), चंद्रात ६.२८९ गुणिले त्याच्या मंदकेंद्राचा साइन मिळवायचा. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवा म्हणजे झालं.

१ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळी ५:३० घेऊ. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावर केवढी चर्चा झाली होती, आठवतंय ना? दि = ९,०७१. ३६० ने भागून बाकी घेतली की चंद्र येतो २१८.५० अंशांवर, सूर्य २१९.५६ वर. वजाबाकी उणे १.०६, म्हणजे ३५८.९४. भागिले १२ केलं की २९.९१, म्हणजे २९ तिथ्या संपल्या आणि तिसावी, अमावास्या, चालू आहे. बरोबर!

पण ती संपणार कधी? या सूत्राने पावणेआठच्या आसपास येतं, पंचांगात होतं सव्वासहाच्या सुमारास. दीड तासाचा फरक आपल्या छोट्या सूत्राचा आहे. चंद्राला सूर्यही ओढत असतो आणि ते आपण धरलंच नाही. त्यासाठी आणखी तीन पदं मिळवावी लागतात, त्यातलं सर्वांत मोठं १.२७४ अंशांचं. मी ती टाकून पाहिली तेव्हा फरक पाव तासाच्या आत आला. गणित सगळं मिळून दहा-बारा ओळींचं. फोनमधलं पंचांग ॲप हेच करतं, फक्त मध्ये जाहिराती दाखवतं.

मराठी अक्षरं ६४ ठिपक्यांत

ही आयडिया अवघड आहे, पण कुणीतरी करायला हवी. टीआय-८४ वर इंग्रजी अक्षर ६ बाय ८ च्या चौकटीत बसतं. देवनागरीला ते जमणार नाही. वर वेलांटी-मात्रा, मग शिरोरेखा, मग अक्षर, खाली उकार. माझ्या हिशेबाने उंची १६ ठिपके तरी हवी. म्हणजे स्क्रीनवर चार ओळी, ओळीत नऊ-दहा अक्षरं. १६ बाय १६ चं एक चित्र ३२ बाइटचं, त्यामुळे जोडाक्षरं धरून २०० चित्रं केली तरी ६,४०० बाइट. ती फ्लॅशमध्ये टाकायची.

खरी डोकेदुखी क्रमाची. 'कि' टाइप करताना क आधी येतो, पण वेलांटी काढायची असते त्याच्या आधी. 'सूर्य' मधला रफार मागून पुढे सरकून य च्या डोक्यावर बसतो. फोनमध्ये हे काम गुपचूप होतं म्हणून आपल्याला कधी दिसत नाही. इथे प्रत्येक नियम स्वतः लिहावा लागेल. ते जमलं की शब्दार्थांची फ्लॅशकार्ड, पाढे, काय वाटेल ते त्यावर चढवता येईल. बेसिकमध्ये एकेक ठिपका काढत बसलात तर एका ओळीला चहा होऊन जाईल. इथे असेंब्ली लागते. नमवर्क्सवर पायथनच्या 'कांडिन्स्की' मॉड्यूलने (हो, त्या चित्रकाराच्या नावावरून) ठिपके आणि चौकोन काढता येतात. सुटे ठिपके न काढता सलग ठिपक्यांची पट्टी एकदम चौकोन म्हणून काढली तर बराच वेळ वाचतो.

कॉपीचं काय?

२०२४ मध्ये एका यूट्यूबरने टीआय-८४ च्या आत वायफायची चिप बसवून त्यावर चॅटजीपीटी आणलं. कारागिरी म्हणून भारी, पण ते कॅल्क्युलेटरचं सॉफ्टवेअर नाही, पोटात लपवलेला फोन आहे. आणि अशा गोष्टींची किंमत सगळ्यांना भरावी लागते. परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या भीतीने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०२० मध्ये रंगीत सीई मॉडेलवर असेंब्ली आणि सी चे प्रोग्राम बंद केले. हौशी लोकांनी त्यातून वाट काढली, पण ज्या शाळकरी मुलाला सरळपणे सी शिकायचं होतं त्याच्यासाठी दार बंदच झालं. माझ्या मते हा उपाय चुकीचा. फ्रान्समध्ये परीक्षा मोड आहे: तो सुरू केला की साठवलेले प्रोग्राम वापरता येत नाहीत आणि वरचा दिवा लुकलुकत राहतो, पर्यवेक्षकाला लांबून दिसतो. परीक्षेपुरतं कुलूप, बाकी वेळ मशीन तुमचं.

मशीन नसेल तर?

विकत घ्यायची गरज नाही. नमवर्क्सचा सिम्युलेटर त्यांच्या साइटवर फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो आणि फोनसाठी ॲपही आहे. वरचा ईएमआयचा आणि तिथीचा प्रोग्राम तिथे पायथनमध्ये आजच लिहिता येईल (फक्त पायथनमध्ये साइनला रेडियन लागतात, अंशांना पाय भागिले १८० ने गुणायला विसरू नका). जुन्या पद्धतीची हौस असेल तर अँड्रॉइडवर फ्री४२ घ्या, ते १९८८ च्या एचपी-४२एस चं मुक्त रूप आहे. टीआय-८४ प्लस सीई साठी सीईएमयू नावाचा एम्युलेटर आहे, पण त्याला लागणारी रॉम फाइल तुमच्या स्वतःच्या कॅल्क्युलेटरमधून काढलेली असावी. कुठूनतरी डाउनलोड केलेली चालत असली तरी ती कंपनीच्या मालकीची आहे.

८०८५ च्या सिम्युलेटरची सुरुवात करायची असेल तर पहिल्या दिवशी चारच कोड घ्या: ३ई, ०६, ८० आणि ७६. वरचा बेरजेचा प्रोग्राम चालून ए मध्ये ०८ दिसला की मगच ४० ते ७एफ च्या पट्ट्याला हात घाला.